बक्षिसाच्या आकड्याशेजारी खर्चाचाही आकडा दाखवा

प्रति,
वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, वर्ल्ड पोकर टूर आणि अशा इतर स्पर्धांचं प्रक्षेपण करणारे निर्माते,
आणि त्या स्पर्धांचे समालोचक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगतो, कारणं मागून येतील. एखादा खेळाडू पडद्यावर आला की त्याच्या नावाखाली तुम्ही त्याची आजवरची कमाई लिहिता. अमुक कोटी डॉलर, तमुक लाख डॉलर. त्या आकड्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ती कमाई करण्यासाठी त्याने किती प्रवेश शुल्क भरलं तेही लिहा. तो आकडा मिळत नसेल तर निदान या एका स्पर्धेत त्याने किती वेळा पैसे भरून प्रवेश घेतला ते लिहा. आणि तेही जमत नसेल तर कमाईचा आकडा काढून टाका.

मी पुण्यात करसल्लागार आहे. लोकांची विवरणपत्रं भरणं हे माझं पोटापाण्याचं काम आणि पोकर पाहणं हा माझा जुना छंद. लास वेगासमध्ये दुपारी फायनल टेबल, म्हणजे शेवटी उरलेल्या मोजक्या खेळाडूंचा खेळ, सुरू होतं तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. जुलैत मेन इव्हेंट, म्हणजे वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा, शेवटाकडे आला की माझ्या घरातला दिवा बऱ्याच पहाटे जळत असतो. हे पत्र या खेळाचा द्वेष करणाऱ्या माणसाचं नाही, हे आधी समजून घ्या. २०२५ साली मायकेल मिझराचीने पन्नास हजार डॉलर प्रवेश शुल्काची प्लेयर्स चॅम्पियनशिप चौथ्यांदा जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात मेन इव्हेंटही जिंकला, तेव्हा मला झालेला आनंद एखाद्या क्रिकेटवेड्याला सामना जिंकल्यावर होतो तसाच होता. असं पुन्हा घडेल असं मला वाटत नाही, आणि ते मला पाहायला मिळालं ते तुमच्यामुळे.

तुम्ही केलेलं काम किती मोठं आहे हे मराठी वाचकांनाही कळावं, म्हणून थोडं मागे जातो. वर्ल्ड सिरीज ही पोकरची स्पर्धामालिका १९७० साली लास वेगासमध्ये बेनी बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत सुरू झाली. १९७३ मध्ये सीबीएसने ती दूरचित्रवाणीवर दाखवली. पुढेही अधूनमधून दाखवली गेली, पण जीव काही लागला नाही. कसा लागणार? टेबलाभोवती बसलेली माणसं चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, पुढे ढकलतात, पत्ते परत टाकतात, आणि कोणाच्या हातात काय होतं ते शेवटपर्यंत कळतच नाही. समालोचकालाही ठाऊक नसायचं. तो अंदाज बांधायचा आणि प्रेक्षक त्याच्या अंदाजावर अंदाज बांधायचे.

हे कोडं ज्याने सोडवलं तो हेन्री ओरेनस्टाईन. पोलंडमधला ज्यू. आईवडील नाझींनी मारले. आपण शास्त्रज्ञ आहोत असं भासवून तो आणि त्याचे भाऊ छळछावणीतल्या एका तथाकथित संशोधन तुकडीत शिरले आणि त्यामुळे वाचले. पुढे अमेरिकेत तो खेळण्यांचा संशोधक झाला. ट्रान्सफॉर्मर्स ही खेळणी अमेरिकेच्या बाजारात आली त्यामागेही तो होता. खेळाडूचे झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट त्याला १९९५ मध्ये मिळालं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरने कार्डिफमध्ये ‘लेट नाइट पोकर’ चित्रित केलं. टेबलात काच बसवली होती आणि खाली कॅमेरा. रात्री उशिरा लागणारा तो कार्यक्रम लोक जागून पाहू लागले, कारण आता प्रेक्षकाला सगळं दिसत होतं आणि खेळाडूला फक्त आपले दोन पत्ते. समोरचा फसवतोय हे आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं. तो विचार करत बसतो आणि इकडे आपला श्वास अडकतो. आता काच गेली. पत्त्यांत इलेक्ट्रॉनिक चिप असते, ती टेबल वाचतं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात क्षणात कोण जिंकण्याची शक्यता किती ती टक्केवारी उमटते. राण्यांची जोडी सत्तावन्न टक्के, एक्का-राजा त्रेचाळीस.

पत्ते दिसू लागल्याने काय घडू शकतं याचा पुरावा २००३ मध्ये मिळाला. टेनेसीचा एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर. हिशेबनीस म्हटल्यावर मला तो आपलाच वाटला, हे लपवत नाही. एका संकेतस्थळावर ८६ डॉलर भरून पात्रता फेरी खेळला, त्यातून दहा हजार डॉलरच्या मेन इव्हेंटची जागा मिळवली आणि २५ लाख डॉलर जिंकला. सॅमी फराहसारख्या मुरलेल्या खेळाडूला त्याने हातात काही नसताना सगळ्या चिप्स पुढे सारून पत्ते टाकायला लावले. तो डाव ईएसपीएनवर लॉन मॅकईकर्न आणि नॉर्मन चॅड यांच्या आवाजात जगाने पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. पुढचे आकडे तुमच्या तोंडपाठ असतील. २००३ मध्ये ८३९ प्रवेश. २००४ मध्ये २,५७६. २००६ मध्ये ८,७७३. तीन वर्षांत दहापट! कॅमेरा नसता आणि मॅकईकर्न-चॅड जोडी नसती, तर हे घडलं नसतं. एवढं बळ तुमच्या माध्यमात आहे. म्हणूनच पत्र तुम्हाला लिहितो आहे, कॅसिनोच्या मालकांना नाही.

मनीमेकरची गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना जे सुटलं तेही खरं आहे. त्या वर्षी ८३९ पैकी ६३ जणांना पैसे मिळाले, बाकीचे दहा-दहा हजार घालवून घरी गेले. मनीमेकरचं बक्षीसही सगळं त्याचं नव्हतं, खेळायला जाण्याआधी त्याने वडिलांना आणि एका मित्राला आपल्या खेळात वाटा विकला होता. या बाबी कुठे ना कुठे छापून आल्या, मुलाखतींत आल्या. पण पडद्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा राहिला तो एकच. ८६ डॉलरचे २५ लाख.

आता अलीकडचं वर्ष घेऊ. २०२४ च्या मेन इव्हेंटला १०,११२ प्रवेश होते, तोपर्यंतचा सर्वात मोठा आकडा. तुम्ही तो दिवसभर मिरवलात, मिरवण्यासारखाच होता. पहिलं बक्षीस १ कोटी डॉलर. प्रत्येकाच्या दहा हजारांतले ९,३०० बक्षिसाच्या रकमेत गेले, ७०० आयोजकांनी आणि कर्मचाऱ्यांसाठी कापले गेले. म्हणजे पहिला पत्ता वाटण्याआधीच सगळ्यांच्या खिशातून मिळून सुमारे ७० लाख डॉलर बाहेर. पैसे मिळाले १,५१७ जणांना. त्यातल्या खालच्यांना १५ हजार, म्हणजे प्रवेश वजा जाता पाच हजार, आणि त्यातून विमान, हॉटेल, जेवण. उरलेल्या ८,५९५ जणांच्या हाती काहीच आलं नाही. ही बेरीज-वजाबाकी करायला मला अर्धा मिनिट लागला. तुमच्या पडद्यावर ती मला आजवर दिसली नाही.

पैसे मिळायच्या उंबरठ्यावर शेवटचा बाद होणारा खेळाडू मात्र तुम्ही आवर्जून दाखवता. सगळी टेबलं एकेक डाव जुळवून खेळतात, सभागृह उभं राहतं, आणि तो बिचारा बाद झाला की टाळ्या पडतात, त्याला पुढच्या वर्षीचा प्रवेश फुकट दिला जातो. तो क्षण मलाही आवडतो. पण त्यामुळे हरणारा म्हणजे तो एकटा, असं डोक्यात बसतं. त्याच्या आधी हजारो जण उठून गेले, त्यांच्याकडे कॅमेरा वळला नाही.

आजवरच्या कमाईच्या त्या आकड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या धंद्याच्या दृष्टीने तो फार सदोष आहे. तो आकडा म्हणजे खेळाडूला स्पर्धांतून मिळालेल्या बक्षिसांची निव्वळ बेरीज. एखाद्या दुकानदाराने वर्षभराची विक्री मला सांगितली आणि माल कितीला घेतला ते सांगितलंच नाही, तर मी त्याचा नफा कसा काढू? पोकरमधली ‘कमाई’ नेमकी तशी आहे. पंचवीस हजार डॉलरच्या स्पर्धेत एखादा तीनदा बाद होऊन तीनदा पुन्हा प्रवेश घेतो, म्हणजे चार वेळा मिळून एक लाख भरतो आणि शेवटी साठ हजारांचं बक्षीस घेऊन उठतो. प्रत्यक्षात चाळीस हजारांचा तोटा. पण तुमच्या नोंदीत साठ हजारांची वाढ. हे उदाहरण मी बनवलंय, पण असं रोज घडतं आणि तुम्हा सर्वांना ते माहीत आहे.

डॅनियल नेग्रानूने हे उघडपणे मांडलं, त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. २०१७ चा आपला हिशेब त्याने स्वतःहून जाहीर केला. त्या वर्षी त्याला सुमारे २८ लाख डॉलरची बक्षिसं मिळाली होती. भरलेलं प्रवेश शुल्क त्याहून जास्त होतं. जगातल्या सर्वात नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक, वर्षभर खेळून, २८ लाख मिळवून तोट्यात! आणि तो म्हणाला, लोकांना हे कळायला हवं. एका माणसाने स्वतःहून जे केलं ते तुमच्या ग्राफिक्स विभागाला का जमू नये?

वाट्याची गोष्ट तर त्याहून गुंतागुंतीची. मोठ्या स्पर्धांत बहुतेक खेळाडू आपला काही हिस्सा विकून बसलेले असतात. कुणाचे पैसे, कुणाचा खेळ, कुणाचा नफा. यात लबाडी काही नाही, जोखीम वाटून घेण्याची ती सरळ व्यवस्था आहे. पण ती दिसली नाही तर गोष्ट पार बदलते. स्टू अंगर आठवतो ना? १९८० आणि १९८१ असे लागोपाठ दोन वेळा मेन इव्हेंट जिंकलेला, अनेकांच्या मते या खेळातली सर्वात मोठी प्रतिभा. १९९७ मध्ये फ्रीमाँट स्ट्रीटवर, उघड्यावर मांडलेल्या फायनल टेबलवर तो तिसऱ्यांदा जिंकला. डोळ्यांवर निळ्या काचांचा गोल चष्मा, समोर दहा लाख डॉलरच्या नोटांचा ढीग. तो फोटो पोकरच्या चाहत्याने पाहिला नाही असं होत नाही. त्या स्पर्धेत बसण्यासाठी त्याच्याकडे दहा हजार डॉलर नव्हते. ते बिली बॅक्स्टर या दुसऱ्या खेळाडूने भरले होते आणि ठरल्याप्रमाणे निम्मे पैसे बॅक्स्टरचे झाले. अंगरचे पाच लाख व्यसनात आणि पैजांत काही महिन्यांत संपले. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलमध्ये तो मेलेला सापडला, वय ४५. २००६ चा विजेता जेमी गोल्ड, १ कोटी २० लाख डॉलर. त्यातल्या निम्म्या रकमेवर दुसऱ्या एकाने कोर्टात दावा ठोकला आणि तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. नोटांचा ढीग दाखवायचा असेल तर तो कोणाकोणाचा आहे हेही प्रेक्षकाला कळू द्या.

संकलनाबद्दलही बोलायचं आहे. तासाभराच्या भागासाठी तुम्ही दिवसभराच्या खेळातून मोजके डाव निवडता. टेबलावर तासाला तीसेक डाव होतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, म्हणजे साधारण सात-आठ तास बसलं तर एकदा. तुमच्या संकलित भागात ती दहा मिनिटांनी येते आणि समोर राजांची जोडी घेऊन कुणी तरी बसलेलाच असतो. घरचा प्रेक्षक हे पाहून टेबलावर गेला की त्याला वाटतं, आपल्याला काहीच का येत नाही? मग तो नको त्या पत्त्यांवर पैसे लावू लागतो. पत्ते टाकत बसणं, तासन् तास टाकत बसणं, हाच या खेळाचा मोठा भाग आहे आणि संकलनात नेमका तोच गळतो. विलंबाने दाखवल्या जाणाऱ्या सलग प्रक्षेपणांनी हे बरंच सुधारलं. निक शुलमनसारखा स्वतः उत्तम खेळणारा समालोचक एखादा डाव सोडून देण्यामागचा विचार जेव्हा शांतपणे उलगडतो, तेव्हा मला संगीताच्या मैफलीत जाणकाराशेजारी बसल्यासारखं वाटतं. असं समालोचन आणखी हवं. मोठा ब्लफ यशस्वी झाल्यावर ओरडणं सोपं आहे. चांगले पत्ते हातात असूनही ते टाकून देणाऱ्याचं धैर्य शब्दांत पकडणं अवघड आहे, आणि शुलमनला ते जमतं.

आता हे सगळं पुण्यात बसून मी का लिहितो आहे, ते सांगतो.

आमच्याकडे ऑनलाइन पोकरने गेल्या दशकात चांगलंच मूळ धरलं होतं. गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या बोटींवर स्पर्धा होत होत्याच, २०१७ मध्ये वर्ल्ड पोकर टूरही तिथे आली. भारतीय खेळाडू वेगासला जाऊन जिंकू लागले. निपुण जावाने २०१७ च्या एकाच उन्हाळ्यात दोन ब्रेसलेट, म्हणजे वर्ल्ड सिरीजमधल्या स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारी कडी, जिंकली. बंगळुरूच्या संतोष सुवर्णाने २०२४ मध्ये अडीच लाख डॉलर प्रवेश शुल्काची स्पर्धा जिंकून ५४ लाख डॉलर मिळवले. त्या दिवशी ऊर भरून आला होता. हिंदी-इंग्रजी मिसळून समालोचन करणारी तरुण पोरं इथेही तयार झाली, त्यातली काही खरोखर गुणी आहेत.

त्याच काळात माझ्या टेबलावर वेगळे कागद येऊ लागले. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. कर कापला गेल्याची नोंद आयकराच्या संकेतस्थळावर दिसू लागली आणि तोवर घरात कुणाला माहीत नसलेल्या गोष्टी बाहेर आल्या. एक बाप मुलाला घेऊन आला होता. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला. बँकेच्या उताऱ्यात पाचशे, हजार, दोन हजार अशा यूपीआयच्या रकमा पानामागून पान उतरत गेल्या होत्या. मधूनच एक मोठी रक्कम जमा, तिच्यावर कर कापलेला, आणि पुन्हा खाली तीच रांग. मुलाला मी विचारलं की एकूण किती गेले. त्याला सांगता आलं नाही. एकूण किती जिंकलास विचारलं, तर रुपयापर्यंत पाठ होतं.

तो खोटं बोलत नव्हता. त्याने हिशेब तसाच शिकला होता. खेळाडूच्या नावाखाली जिंकलेल्या रकमांची बेरीज लिहायची, गेलेल्या रकमांसाठी रकानाच ठेवायचा नाही, ही पद्धत त्याने कुठे पाहिली असेल? माझ्याच आवडत्या कार्यक्रमांत. तुमच्या एका कार्यक्रमाने त्याला बुडवलं असं मी म्हणणार नाही, तेवढा मी अन्यायी नाही. पण त्याच्या डोक्यातला तो एकच रकाना तुम्ही आखला आहे, हे मला तुम्हाला सांगावंसं वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत, नशिबाचे असोत की दोन्हींचे. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. बंदीमुळे प्रश्न सुटतो असं मानणाऱ्यांतला मी नाही, तरी त्या मुलाच्या बापाला ती बातमी वाचून काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. तुमच्याशी बोलायचा मुद्दा असा की तुमची प्रक्षेपणं इथे पूर्वीसारखीच दिसतात, आणि ती दिसावीत असंच मला वाटतं. खेळ पाहण्याला कुणाची हरकत नसावी. पण देशी मंच बंद झाल्यावर ज्याला खेळायचंच आहे तो परदेशी मंचांकडे वळेल, जिथे कर नाही, तक्रार नाही, नोंद नाही. अशा वेळी पडद्यावर काय लिहिलं जातं याला जास्तच किंमत येते.

आमच्या न्यायालयांत पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर बराच खल झाला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नशिबाचा म्हटलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याचा. माझ्या मते कौशल्याचाच आहे, आणि वर्षानुवर्षं पाहिलेल्या खेळावरून मी हे ठामपणे सांगेन. पण या खेळाच्या विक्रीसाठी कौशल्य या शब्दाचा जो वापर झाला तो मला पटलेला नाही. कौशल्याचा खेळ आहे म्हणजे शिकलं की कमावता येतं, असा त्यातून अर्थ निघतो. पोकरमध्ये टेबलावर बाहेरून पैसा येत नाही. एकाने जिंकलेला रुपया दुसऱ्याने हरलेला असतो आणि मध्ये मंच किंवा कॅसिनो आपली टक्केवारी कापतो. सगळे जण शिकले तरी सगळ्यांची मिळून बेरीज शून्याच्या खालीच राहणार. जितकं कौशल्य जास्त महत्त्वाचं, तितका नवशिक्याचा तोटा जास्त पक्का. चॅम्पियन खेळाडू हे जाणतात, समालोचक जाणतात. प्रेक्षकाला कुणी सांगत नाही.

समालोचकांना वेगळं काही म्हणायचं आहे, कारण तुमचा आवाज आम्ही घरात घेतो. २०११ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने मोठ्या ऑनलाइन मंचांवर कारवाई केली आणि त्यांतल्या फुल टिल्ट पोकरचं बिंग फुटलं. खेळाडूंचे ३९ कोटी डॉलर देणं होतं आणि बँकेत होते ६ कोटी, असं सरकारने न्यायालयात मांडलं. त्या मंचाचे बिल्ले लावून नामवंत खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्या कार्यक्रमांत बसत होते, काही कार्यक्रम त्या मंचाच्याच पैशांवर चालत होते. सामान्य खेळाडूंनी पैसे ठेवले ते त्या चेहऱ्यांवर विश्वास ठेवून. दुसऱ्या मंचाने तो मंच विकत घेतला म्हणून पैसे परत मिळाले, अमेरिकेतल्या लोकांना तर त्यासाठी २०१४ उजाडावं लागलं.

याच्या उलट उदाहरणंही तुमच्याच क्षेत्रात आहेत आणि मला ती मोलाची वाटतात. व्हिक्टोरिया कोरेन मिचेल ही लेखिका, निवेदिका, आणि युरोपियन पोकर टूर दोनदा जिंकणारी पहिली खेळाडू. २०१४ मध्ये तिच्या प्रायोजक मंचाने पोकरसोबत कॅसिनोचे खेळही आणले, ज्यात खेळणारा दीर्घकाळात हरणारच अशी रचना असते. तिने करार सोडला. हे मी लोकांना सुचवू शकत नाही, एवढंच तिचं म्हणणं. २०१९ मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या एका कार्डरूमच्या थेट प्रक्षेपणाचं समालोचन करणाऱ्या व्हेरोनिका ब्रिल यांना एका खेळाडूचे निकाल संशयास्पद वाटले आणि त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. त्या खेळाडूवरचे आरोप न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. तरीही झाकलेले पत्ते दाखवणारी यंत्रणा किती सुरक्षित आहे, यावर सगळ्या क्षेत्राला विचार करावा लागला तो त्यांच्यामुळे. रोजीरोटी जिथून येते तिथे प्रश्न विचारणं किती कठीण असतं, हे प्रत्येक नोकरदाराला ठाऊक आहे. समालोचक माइकपुढे बसतो तेव्हा त्याला पैसे कोण देतं, तो कोणत्या मंचाचा प्रतिनिधी आहे, टेबलावरच्या कुणात त्याचा वाटा आहे का, हे कार्यक्रमाच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगा. मोठ्या मनाचे काही जण हे आजही सांगतात. ती रीत व्हावी.

तुम्ही म्हणाल, अशा आकड्यांनी मजा जाईल. आमच्याकडे शेअर बाजाराबाबत हीच भीती घातली जात होती. जुलै २०२३ पासून सेबीच्या आदेशाने प्रत्येक ब्रोकरच्या ॲपवर लॉगिन केलं की ठळक सूचना येते: इक्विटी वायदे आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दहापैकी नऊ जणांना तोटा झाला. ती वाचून सगळे थांबले का? नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या तरुणांच्या तोंडी आता तो आकडा असतो, आईबापांनाही तो माहीत असतो, आणि घरात बोलणं सुरू करायला तो पुरतो. पोकरचा तसा आकडा तुमच्याकडे प्रत्येक स्पर्धेपुरता तयार असतो. किती जण बसले, किती जणांना पैसे मिळाले, आयोजकाने किती कापले. पहिल्या दिवशी प्रवेशांचा आकडा जाहीर करता, त्याच दमात हे तीन आकडेही सांगा.

खेळाडू वाटा उघड करणार नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे, तो त्यांचा खासगी करार. ज्यांना सांगायचं नाही त्यांच्या नावापुढे तसं लिहा. प्रवेश शुल्क मात्र खासगी नाही. ते स्पर्धेच्या पत्रकात छापलेलं असतं आणि कोण किती वेळा बसला त्याची नोंद आयोजकाकडे असते. करांचंही तसंच. अमेरिकेत जिंकलेल्या भारतीय खेळाडूच्या रकमेतून तिथेच ३० टक्के कापले जातात. अमेरिकी खेळाडूंवर तर आता आणखी एक ओझं आलं आहे. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याप्रमाणे २०२६ पासून त्यांना तोट्याची फक्त ९० टक्के रक्कम वजा करता येते. म्हणजे वर्षभरात जितकं जिंकला तितकंच हरला, तरी कर भरायचा. यावर तुमच्या अनेक खेळाडूंनी जाहीर संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता. पण तो संताप प्रेक्षकाला समजावा असं वाटत असेल, तर खेळाडू किती हरतात हे आधी त्याला दिसायला नको का?

पुढच्या मेन इव्हेंटच्या फायनल टेबलवर नऊ जण बसतील. नावं, गावं, चिप्सचा साठा, आजवरची बक्षिसं हे सगळं तुम्ही दाखवालच. त्या नऊ जणांना आधी विचारा की या उन्हाळ्यात एकूण किती प्रवेश शुल्क भरलं, आणि जे सांगतील त्यांचा आकडा बक्षिसाच्या खाली लिहा. त्यावर समालोचकांनी दोन मिनिटं बोलावं. एवढ्यापासून सुरुवात झाली तरी चालेल. त्या मुलाला मी तो भाग पाहायला सांगणार आहे.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
पुण्यातील एक करसल्लागार आणि पोकरचा जुना प्रेक्षक